चार पडदे

बाओ-जू बाईंनी चार घड्यांचा कागद काउंटरवर उलगडला.
आत एकच आकडा, पंधरा हजार,
आणि त्याच्या डोक्यावर दोन रेघा :
इथून वर जायचं नाही.

मी पहिल्यांदा काढलं ते तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड,
लग्नघरासारखी रोषणाई असलेलं.
मुलगी द्यायला निघालेल्या बापानं
नवऱ्या मुलाच्या भाड्याच्या मोटारीकडे पाहावं
तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
"शेअरचे आकडे पळत नाहीत रे पोरा,
बसल्या जागी बदलतात.
त्यांना एवढा वारा कशाला?"

मग विमा कंपनीच्या कचेरीतून निघालेलं जुनं कार्ड,
बोटभर जाडीचं, एक पंखा, चार तोंडं.
बाराशे म्हणालो.
त्यांनी नखानं तोंडं मोजली, परत मोजली,
हजार केले.

प्रोसेसर दोन पिढ्या मागचा चालेल.
मेमरीच्या पट्ट्या दोन, आठ-आठच्या,
"जोडीनं राबू देत."
डबा कुठलाही, ओरखडे असले तरी
तो टेबलाखालीच जाणार.
पॉवर सप्लायपाशी मात्र त्या थांबल्या.
तो नवा. भाव विचारला, आणि दिला.
मी घासाघीस ऐकायला कान लावून बसलो होतो.

मदरबोर्ड त्यांनी पालथा घातला.
समोरून कुणीच बघत नाही म्हणाल्या, पाठ बघावी.
पहिला परत. दुसरा परत.
तिसऱ्याच्या एका टाक्यावर बोट टेकवून
नुसतंच च्‌ केलं.
"थाओयुआनला सत्तावीस वर्षं लाइनवर होते,
नवव्या टेबलाशी.
कपॅसिटर कलला तर बोटानं सरळ करायचा.
एवढंच काम."
त्यांचं ते बोट अजून थोडं वाकडं आहे.
चौथा त्यांनी उजेडात धरला, बराच वेळ.
"घे हा. शुक्रवारी संध्याकाळचा नाही."

मॉनिटर तीन, बंद पडलेल्या शिकवणीचे.
चौथा कुणाचा कोण जाणे,
मागे खडूनं फक्त 'खोली सहा'.
चारही शेजारी शेजारी पेटवले
तर लाल चार तऱ्हेचा :
एक मिरचीचा, एक विटेचा,
एक गुलाबी, एक तापल्यासारखा नारिंगी.
आमच्याकडे भाव चढला की लाल होतो
आणि पडला की हिरवा.
"आता हिरवा दाखव," म्हणाल्या.
खोली सहाचा हिरवा इतका विटका
की हिरवा म्हणायलाही जीव होईना.
मी बदलून द्यायला निघालो.
"राहू दे. हा चेनना.
त्यांचं काळीज कच्चं आहे."

कोण चेन?

तेव्हा कळलं.
रस्त्यापलीकडच्या दलालांच्या हॉलमध्ये
मोठ्या फळ्याखाली चौघं बसत,
नऊपासून दीडपर्यंत, डबे घेऊन, एकोणीस वर्षं.
एकमेकांचे शेअर एकमेकांना पटत नसत.
मार्चमध्ये हॉल गेला. आता तिथे दातांचा दवाखाना आहे.
फोनवर बघतात हल्ली, ज्याच्या त्याच्या घरी,
आणि भांडायला कुणी नाही.

मी काही बोललो नाही.
वायरी बांधल्या, नंबर लिहिले,
आणि रिवाजाप्रमाणे वर ठेवला
क्वाय-क्वायचा हिरवा पुडा,
शहाण्यासारखं वाग असं यंत्राला सांगणारा.
"हिरवा?" बाई दचकल्या. "ह्याच्यावर?"
यंत्राचा हिरवा वेगळा, मी म्हटलं,
हिरवा दिवा म्हणजे सुरळीत.
त्यांनी खूप विचार केला.
"डब्यामागे ठेवते. पडद्यांना दिसणार नाही असा."

मग पुडा डोळ्यांशी नेऊन तारीख वाचली.
मुदत पुढच्या महिन्यापर्यंतच होती.
पिशवीत टाकण्याआधी
तो माझ्यापुढे सरकवला
आणि ताजा मागितला.